नव्वद योजनं

सप्ताहाचा फ्लेक्स देवळाच्या दारावर लागला, तो इंद्रभान आबांनी दोनदा वाचला. एकदा चष्म्याशिवाय, एकदा चष्मा लावून. वर त्यांचाच फोटो होता, चांगला हातभर, फेटा बांधलेला. खाली लाल अक्षरांत 'मार्गदर्शक'. त्याखाली सात दिवसांचे सात कीर्तनकार, मग पंगती देणाऱ्यांची नावं, आणि अगदी तळाला बारीक अक्षरांत वीणेच्या पहाऱ्याची यादी. आबांनी बोट ठेवून ती यादी पहिल्या दिवसापासून काल्यापर्यंत वाचली. त्यांचं नाव तिच्यात नव्हतं.

रवी हा त्यांचा नातू, सप्ताह मंडळाचा यंदाचा अध्यक्ष. संध्याकाळी तो शेतातून येऊन मोरीवर हातपाय धूत होता, तेव्हा आबांनी विचारलं, "रवी, मार्गदर्शक म्हंजे काय असते बे?"

"मान असते, आबा. सगळ्यात वरचा."

"त्यात कराचं काय?"

"काईच नाई. बसाचं."

"मंग तसंच लियाचं ना, बसणारे म्हून."

आत रवीची बायको मयुरी भाकरी थापत होती आणि शेजारी आजी, जनकाबाई, तूर निवडत होती. जनकाबाईचं उजवं मनगट दोन वर्षांमागं मोडलं, तेव्हापासून आत लोखंडी पट्टी आहे. ती सुपातून मान वर न काढता म्हणाली, "बसणारे लिवलं असतं तं माहा बी फोटू टाकावा लागला असता. मी कवाची बसूनच हाय."

मयुरी हसली. रवी हसला नाही. तो आबांजवळ येऊन उकिडवा बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "मागच्या साली काय झालं ते तुमाले मालूम हाय. मले तुमाले गावासमोर पडू द्याचं नाई, आबा. बस, एवढंच हाय."

त्यात खोटं काही नव्हतं.

सप्ताह बसला की आमच्या देवळात विठोबापुढं वीणा उभी राहते. म्हणजे कोणीतरी ती गळ्यात घेऊन उभं राहतं आणि मुखानं नाम चालू ठेवतं. दोन तास झाले की पुढचा माणूस येतो, कपाळाला बुक्का लावतो, पाया पडतो, आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. पहाऱ्यावरच्या माणसानं बसायचं नाही, खांबाला टेकायचं नाही, आणि वीणा जमिनीला लागू द्यायची नाही. सात दिवस, सात रात्री. बासष्ट साली सात जणांनी हे सुरू केलं. तेव्हापासून सत्तावन्न वर्षांत वीणा एकदाही खाली आली नव्हती. दोन वर्षांमागं हिरव्यागार बोंडांत गुलाबी अळ्या निघाल्या आणि लोकांनी उभ्या कपाशीत रोटाव्हेटर घातले, त्या सालीही नाही.

त्या सात जणांपैकी आता दोनच उरले आहेत. एक इंद्रभान आबा, वय ब्याऐंशी. मागच्या साली पहाऱ्यावर असताना त्यांचा डावा गुडघा अचानक मुडपला. दोघांनी धावून त्यांना सावरलं, पण वीणेचा भोपळा खांबावर आपटून कपचा निघाला. रहेमतुल्ला मिस्त्रीनं लाख भरून तो इतका सफाईनं बुजवला की बोट फिरवल्याशिवाय कळत नाही. आबा रोज बोट फिरवून पाहत.

दुसरे सुपडाजी. वय एकोणऐंशी. त्यांचं घर देवळाच्या समोरच, मध्ये फक्त रस्ता. तीन वर्षांमागं हात कापतात म्हणून मंडळानं त्यांचं नाव यादीतून काढलं, तेव्हा ते मीटिंगमधून उठले आणि म्हणाले, जोपर्यंत नाव नाही तोपर्यंत मी या पायऱ्या चढत नाही. आणि खरंच चढले नाहीत. सप्ताह आला की दिवसभर आपल्या घरापुढच्या वट्ट्यावर बसायचे, तोंड देवळाकडं, कान देवळाकडं, आणि कोणी 'या' म्हटलं की मान दुसरीकडं.

आबांचं नाव गेल्याची बातमी त्यांना पोचायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी आबा काठी टेकत देवळाकडं निघाले, तर वट्ट्यावरून आवाज आला.

"इंद्रभान, ये लेका. अठी जागा हाय. सावली बी हाय."

"तूच बस, सुपड्या."

"तुहं तं नाव पुसलं ना त्याह्यनं?"

"नाव पुसलं. पाय कुठी पुसले?" असं म्हणून आबा पायऱ्या चढले. पण चढताना मन जड होतं. खांबाशी बसून ते दिवसभर नाम घेत, आणि प्रत्येक पहारा बदलला की त्यांचे हात आपोआप गळ्यापाशी जात, मग मांडीवर परत येत.

चौथ्या दिवशी सायंकाळी उंद्रीच्या महाराजांचं कीर्तन होतं. महाराज अंगानं भरलेले, आवाज घंटेसारखा, आणि हसवायला त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. त्यांनी समुद्रकिनाऱ्याची कथा लावली. सीतामाईचा शोध करत वानरसेना दक्षिणेच्या टोकाला येऊन पोचली आहे, समोर शंभर योजनं पाणी आहे आणि पलीकडं लंका. आता उडी कोण मारणार? महाराजांनी एकेका वानराचा आवाज काढला. गज म्हणाला, मी दहा योजनं उडतो. मृदंगावर एक थाप. गवाक्ष म्हणाला, वीस. दोन थापा. कोणी तीस, कोणी पन्नास, कोणी ऐंशी, आणि प्रत्येकाच्या मागं मृदंग वाढत चालला, टाळ वाढत चालले, लोक हसता हसता माना डोलवू लागले. मग महाराज एकदम थांबले. कंबरेत थोडे वाकले आणि म्हाताऱ्याचा आवाज काढून म्हणाले, "आता जांबुवंत उठला."

जांबुवंत म्हणजे अस्वलांचा म्हातारा राजा. तो म्हणाला, बाबांनो, वामनानं तीन पावलांत त्रिभुवन मापलं, तेव्हा मी तरुण होतो, धावत जाऊन त्याला प्रदक्षिणा घातल्या होत्या. आता ते बळ राहिलं नाही. आता माझ्यानं नव्वद योजनं होतील.

महाराज अंगावरचं उपरणं सारखं करत म्हणाले, "पाहा, मंडळी. समुद्र शंभरचा. म्हातारा शंभर म्हणाला असता तर कोणी मोजायला जाणार होतं? पण तो नव्वद म्हणाला. आणि नव्वद होत नाहीत म्हणून घरीही बसला नाही. देवाच्या दारात उभा राहून आपलं खरं माप सांगितलं, आणि मग उरलेल्या दहासाठी इकडंतिकडं पाहिलं. तर एका कोपऱ्यात हनुमंत मान घालून बसलेला. स्वतःचं बळ विसरलेला. त्याला कोणी जागं केलं? नव्वदवाल्यानं."

टाळ कडाडले, अख्खं देऊळ उभं राहिलं. आबाही उठले, खांबाला धरून. रस्त्यापलीकडं वट्ट्यावरच्या अंधारात सुपडाजींची विडी एकदा लाल झाली आणि मग ओढायचीच राहून गेली.

पाचव्या दिवशी सकाळी आभाळ उत्तरेकडून, सातपुड्याच्या अंगानं, काळं होत आलं. मोबाइलवर सांगत होते की संध्याकाळपर्यंत जोराचा पाऊस. कार्तिकातला पाऊस कपाशीवाल्याला कसा असतो हे इकडं लहान लेकरालाही ठाऊक आहे. फुटलेलं बोंड भिजलं की पिवळं पडतं, आतल्या सरकीला कोंब येतात. पूर्वीची गावरान कपाशी दम खात खात फुटायची, दिवाळीपासून होळीपर्यंत वेचणी पुरायची, आणि सप्ताहाला माणसांचा तोटा कधी पडला नाही. आताची बीटी सगळी एकदम फुटते. अख्ख्या गावाचं शिवार एकाच आठवड्यात पांढरं होतं, आणि यंदा तो आठवडा नेमका सप्ताहाचा आला होता.

नऊ वाजता शाकिरचा टेम्पो गावातून हॉर्न देत गेला. वेचणाऱ्या बाया गेल्या, त्यांच्यामागं त्यांच्या लेकी गेल्या, मागोमाग पुरुष गेले. मयुरी गेली, रवी गेला. सव्वाशे घरांचं गाव. पोरं शेजारगावच्या शाळेत. दहापर्यंत गावात राहिले ते एक तर पाळण्यात, नाही तर खाटेवर.

देवळात दहाच्या पहाऱ्याला शेषराव उभा होता. चाळिशीतला धडधाकट माणूस, पण नजर सारखी दाराबाहेर. खिशातला फोन दोनदा वाजला, त्यानं घेतला नाही. नाम घेता घेता तो पाय बदलत होता. त्याच्यासोबतचे दोघं टाळकरी केव्हाच सटकले होते.

आबा खांबाशी बसून पाहत होते. "शेषराव, किती एकर फुटली हाय?"

"राम कृष्ण हरी... चार... राम कृष्ण हरी..."

"वेचाले कोन हाय?"

"एकटी हाय ती. राम कृष्ण हरी..."

आबा खांब धरून उठले. कपाळाला बुक्का लावला. "दे इकडं."

शेषरावानं मागं पाऊल घेतलं. "आबा, रवीनं सांगून ठेवलं हाय तुमाले द्याची नाई म्हून."

"रवी माहा नातू हाय का मी रवीचा?"

"तसं नाई, पन—"

"बारा वाजता तो सोनाजीचा नंबर हाय. तवरच धरतो. तू जाय."

शेषराव आबांच्या पाया पडला, वीणेच्या पाया पडला, वीणा आबांच्या गळ्यात घातली, आणि पायऱ्यांवरून जवळजवळ उडीच मारली.

एक वर्षानं ते वजन खांद्यावर आलं. आबांनी बोटानं लाखेची जागा चाचपली, तार छेडली, आणि नाम सुरू केलं. आवाज पहिल्यांदा घोगरा निघाला, मग मोकळा झाला. विठोबा समोर होता, पायाखाली गार फरशी होती. ब्याऐंशी वर्षांचा तो माणूस त्या रिकाम्या देवळात एकटाच उभा राहून हसत होता.

अर्ध्या तासानं जनकाबाई नातवाच्या पंगतीसाठी निवडलेल्या डाळीचं भांडं द्यायला आली आणि दारातच थांबली.

"हे काय?"

आबांनी नाम न सोडता मानेनं सांगितलं, काही नाही.

"तुमच्या गुडघ्याले इचारलं का?"

आबांनी गुडघ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं पाहिलं, आणि नाम थोडं मोठ्यानं घेतलं. सत्तावन्न वर्षांच्या संसारात जनकाबाईला हे उत्तर चांगलं पाठ झालेलं होतं. तिनं भांडं ठेवलं, डाव्या हातानं टाळांचा एक जोड उचलला, आणि ओसरीवर जाऊन आवाज दिला, "ओ तानाबाई, ओ शालूबाई, या वो अठी. देवळात कोनी नाई."

दोघी आल्या. तानाबाई कमरेत पार काटकोनात वाकलेली, शालूबाईला डोळ्यांनी धूसर दिसतं. तिघी भिंतीशी पाय पसरून बसल्या, टाळ वाजू लागले.

बारा वाजले. सोनाजी आला नाही. साडेबारा झाले.

"घरी जाऊन पाहू का?" शालूबाईनं विचारलं.

"तुले घर दिसन का?" तानाबाई म्हणाली. मग तीच वाकत वाकत गेली आणि परत येऊन सांगितलं की सोनाजीच्या घराला कुलूप आहे, गल्लीत एक कुत्रं आहे, बाकी कोणी नाही.

जनकाबाईनं पदराखालून फोन काढला. "मी रवीले लावतो."

आबांनी मान जोरात हलवली. नामातून जागा काढत ते म्हणाले, "नोको. राम कृष्ण हरी... कपाशी घरी येऊ दे... राम कृष्ण हरी... त्यायचा पहारा तिकडं हाय आज."

"आन् तुमी पडले तं?"

"पडाले लागलो तं सांगन."

जनकाबाईनं फोन परत ठेवला. दोन वर्षांमागं रोटाव्हेटर फिरताना रवी बांधावर तोंड झाकून बसला होता, ते दोघांनीही पाहिलं होतं. ते पुन्हा पाहायचं नव्हतं.

दोन वाजता उन्हाचा रंग गेला. आभाळ खाली आलं. दोनच्या पहाऱ्याचा माणूसही आला नाही. आबांचा खांदा आधी दुखत होता, आता तो असल्यासारखाच वाटत नव्हता. गुडघ्याचं त्यांनी ओळखून ठेवलं होतं: डावा पाय ताठ ठेवायचा, भार उजव्यावर. पण एक अडचण अशी होती की जिच्यावर काही युक्ती चालत नव्हती. शालूबाईनं पाण्याचा पेला पुढं केला तर त्यांनी तो डोळ्यांनीच परत पाठवला.

"दोन घोट घ्या ना, भाऊजी. घसा सुकला."

जनकाबाईला कळलं. "राहू दे, शालू. त्याह्यले पानी आत नाई, बाहीर पायजे."

तानाबाई इतकी हसली की तिचा टाळ चुकला. आबांनाही हसू आलं, आणि हसू आल्यावर अडचण आणखी वाढली.

"जनका, तूच घे ना वीणा जराशी," तानाबाई म्हणाली.

"घेतली असती, बाई. या हातानं तांब्या धरवत नाई. तू घे."

"मी घेतली तं भोपळा थेट भुईले टेकन."

शालूबाईचं तर उभं राहणंच भिंत धरून. नुसते टाळ वाजत राहिले.

साडेतीन झाले असतील. उजवा पायही आता थरथरू लागला. आबांनी डोळे मिटले. इतक्या वर्षांत पहाऱ्यावर त्यांनी देवाकडं काही मागितलं नव्हतं, आजही सुचलं नाही. कालचं कीर्तन मात्र आठवलं. ओणवे होऊन, म्हाताऱ्याचा आवाज काढून महाराज म्हणाले होते ते. आबांनी डोळे उघडले आणि विठोबाकडं पाहून अगदी सरळ सांगितलं, "माहे नव्वद झाले, देवा."

मग ते वळले. वीणा सांभाळत, एकेक फरशी ओलांडत, देवळाच्या दारापर्यंत आले. समोर वट्ट्यावर सुपडाजी बसलेले होते. ते सकाळपासून तिथंच होते. शेषराव उडी मारून गेला ते त्यांनी पाहिलं होतं, तानाबाई वाकत कुलूप पाहून आली तेही पाहिलं होतं.

"सुपड्या, राम कृष्ण हरी... ये इकडं."

सुपडाजींनी मान फिरवली.

"तुले आयकू आलं हाय. तू बहिरा नाईस. ये."

"नाव कुठी हाय माहं?"

"माहं बी नाई."

"तुहा तं फोटू हाय, हातभर."

"फोटू काय वीणा धरते का? राम कृष्ण हरी... माह्याच्यानं आता होत नाई, सुपड्या. खरं सांगतो."

हे इंद्रभानाच्या तोंडून सुपडाजींनी जन्मात ऐकलं नव्हतं. त्यांनी मान हळूच परत वळवली. "माहे हात कापतेत," ते म्हणाले. आवाज रागाचा नव्हता. "पडली माह्या हातून तं? त्या पोट्ट्याहीनं बरोबरच केलं होतं. मले मालूम हाय."

तीन वर्षांचा रुसवा असा एका वाक्यात बाहेर आला. आबांनी दोनदा नाम घेतलं. मग म्हणाले, "नांदुऱ्याहून वीणा आनली, ते आठोते का तुले?"

"काऊन नाई आठोनार."

मिरजेहून रेल्वेनं वीणा नांदुऱ्याला आली होती. इंद्रभान पंचवीसचा, सुपडा बावीसचा. नांदुऱ्याच्या बाजारात कापूस विकून, रिकाम्या बैलगाडीत ती वीणा घेऊन दोघं निघाले. गाडीच्या लाकडावर ठेवायची नाही असं ठरवलेलं, म्हणून पाळीपाळीनं मांडीवर.

"पूर्णेत गाडी फसली. पानी बैलाच्या पोटाले लागलं. राम कृष्ण हरी... मी काय केलं तवा?"

"तू बैलाले शिव्या देत होता."

"आन् वीणा कोनं नेली पल्याड?"

सुपडाजी आपल्या हातांकडं पाहू लागले.

"छातीएवढ्या पान्यात, डोक्यावर घेऊन. पाय घसरला तुहा मधात. नाका-तोंडात पानी गेलं, पन हात वरच होते. मी काठावरून पाहात होतो बे. तवा बी तुहे हात कापतच होते, थंडीनं. पडली का?"

वाऱ्याची एक झुळूक आली, धूळ उडाली. सुपडाजी वट्ट्यावरून उतरले. रस्ता ओलांडला. देवळाच्या नळावर पाय धुतले, तोंड धुतलं, धोतराच्या सोग्याला हात पुसले. सात पायऱ्या होत्या. पहिलीवर थोडा वेळ थांबले, मग उरलेल्या सहा न थांबता चढले.

जनकाबाईनं बुक्का लावला. आता रीत अशी की घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या पाया पडायचं, आणि देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या. पण वाकायला दोघांनाही येईना. एकदा याचा प्रयत्न झाला, एकदा त्याचा. शेवटी दोघांनी एकमेकांच्या गुडघ्यांनाच हात लावला आणि तेवढ्यावर भागवलं. वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेली. सुपडाजींचे हात कापत होते, त्यामुळं तार आपोआपच झणझणत राहिली. त्यांनी नाम उचललं, आणि तीन वर्षं कोंडलेला तो आवाज असा उठला की शालूबाईनं टाळ थांबवून विचारलं, "हे कोन वो?"

आबा मात्र ते ऐकायला थांबले नाहीत. ब्याऐंशी वर्षांच्या माणसानं काठी न घेता देवळामागं इतक्या वेगानं जावं, हे गावानं पाहायला हवं होतं.

तिकडं शिवारात पाच वाजेपर्यंत शेवटची गाठोडी टेम्पोवर चढली. शाकिरनं ताडपत्री ओढली, दोर आवळला, आणि लोकांनी पहिल्यांदा कंबर सरळ केली. सगळे रस्त्याला जमले, तेव्हा रवीला शेषराव दिसला.

"शेषराव काका, तुमचा पहारा होता ना?"

"आबांजवळ देऊन आलो. बाराले सोनाजी होता ना पुढं."

सोनाजी गाठोड्यावर बसलेला होता. तो उभा राहिला. "म्या तं शेषरावले वावरात पाह्यलं. मले वाटलं रवीनं दुसरा मानूस लावला."

दोनवाला म्हणाला, मला वाटलं सोनाजी अजून उभा आहे. चारवाला काहीच म्हणाला नाही. प्रत्येकानं दुसऱ्याच्या भरवशावर आपली कपाशी वेचली होती. सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं, आणि मग पळायला लागले.

रवी सगळ्यांच्या पुढं होता. वाटेत पहिले थेंब आले. त्याच्या डोळ्यांपुढं फरशीवर पडलेला आजा होता आणि शेजारी फुटलेली वीणा. गावात शिरताना त्याला टाळ ऐकू आले. तो थांबला. पावसाचा आवाज असेल असं वाटलं. मग पुन्हा ऐकलं आणि पुन्हा पळाला.

देवळात खांबाला टेकून आबा बशीतून चहा पीत होते. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांना जनकाबाई तेल चोळत होती, डाव्या हातानं. आणि देवापुढं, वीणा गळ्यात घेऊन, सुपडाजी डोळे मिटून डुलत होते.

रवी पायऱ्यांवरच बसला. मागून शेषराव, सोनाजी, मयुरी, सगळे भिजत येऊन उभे राहिले. अखेर रवी उठला, बुक्का लावला आणि सुपडाजींपुढं हात केले. "द्या, आजोबा. म्या धरतो."

सुपडाजींनी एक डोळा उघडला. "माहा पहारा साहाले सरते."

"पन आजोबा—"

"साहाले ये."

कपाशी कोरडी घरात आली होती, वीणा उभी होती, आणि बाहेर आता पाऊस धो धो पडत होता. लोक ओल्या कपड्यांनी तिथंच बसले. मयुरीनं चहाचं मोठं पातेलं चढवलं. सहापर्यंत कोणी घरी गेलं नाही.

रात्रीच्या पंगतीआधी रवी एक कागद आणि पेन घेऊन आबांसमोर बसला. "सांगा, आबा. उद्यापासून कोनता पहारा लिहू? दोन तासाचा, पयल्यासारखा?"

आबांनी विचार केला. आज पाच तास झाले होते, तेव्हा दोन सहज सांगता आले असते. "एक तास लिय," ते म्हणाले. "दोन ते तीन. तेवढं माह्याच्यानं होते. पुढचा तास सुपड्याचा."

"माहा दीड लिय," सुपडाजी पलीकडून म्हणाले.

"एक."

"मले तीन वर्षाचं बाकी हाय, इंद्रभान."

रवीनं दीड लिहिला. फ्लेक्सवर काही खोडता येत नाही, म्हणून मयुरीनं कणकेची खळ लावून तो कागद चिकटवला, नेमका 'मार्गदर्शक' या शब्दावर. कागद पुरा पडेना म्हणून शेवटची दोन अक्षरं दिसत राहिली.

सहाव्या दिवशी उंद्रीचे महाराज दुसऱ्या गावचं कीर्तन करून याच रस्त्यानं परत चालले होते, ते झालेली गोष्ट ऐकून थांबले. सायंकाळच्या कीर्तनात दुसरे बुवा उभे होते. त्यांनी मोठ्या मनानं महाराजांना दोन शब्द बोलायला पुढं बोलावलं. महाराज म्हणाले, "मंडळी, जांबुवंताची कथा मी तीस वर्षं सांगत आलो. हनुमंतानं उडी घेतली, लंकेला गेला, सीतामाईला भेटला, हे सगळं सांगतो. पण तो तिकडं गेल्यावर किनाऱ्यावर जांबुवंत काय करत होता, हे मला कोणी विचारलं नाही आणि मीही कोणाला सांगितलं नाही. आज इथं सांगणारा माणूस बसला आहे." आणि त्यांनी आबांकडं हात केला.

सगळं देऊळ वळलं. आबा संकोचले. मग थोडा विचार करून म्हणाले, "वाट पाहात असन, महाराज. नाम घेत असन."

"आणि?"

"आन् त्याच्या आंधी एकदा मांगं जाऊन आला असन."

बायकांच्या बाजूनं पहिलं हसू तानाबाईचं आलं. मग सगळं देऊळ हसलं, महाराज उपरण्यानं डोळे पुसत हसले, आणि मृदंगवाल्यानं त्या हशातच गजराचा ठेका धरला. लोक उभे राहिले. आबांनी उठायला हात पुढं केला, तो सुपडाजींनी धरला, आणि दोघं एकमेकांना ओढत, कोण कोणाला उठवतो आहे हे न कळता, उभे झाले.